खळ्यावरच्या कांजिण्या

भाताच्या झोडणीत अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कूस, म्हणजे साळीचं बारीक कुसळ, सदऱ्यात शिरतं, मानेला चिकटतं, घामासोबत कमरेपर्यंत उतरतं, आणि संध्याकाळी चांगला कर्ता माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासत म्हशीसारखा उभा राहतो. मी तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात तोलाईवर होतो. झोडणीपुरती रजा काढून कुंभिवलीच्या आमच्या खळ्यावर उतरायचो. म्हणजे अंगाला सवय कारखान्याची आणि तोंडात तोरा शेतकऱ्याचा. त्यामुळे पोटावर थोडे लाल पुरळ दिसले, अंग कसकसायला लागलं, तेव्हा मी निदान करून मोकळा झालो. कूस.

बायकोला म्हणालो, "पाणी ऊन कर आन तो काथ्या आण."

काथ्या म्हणजे ज्याने आम्ही बैल घासतो तो. तिने माझी पाठ बैलासारखीच घासून दिली. तरी खाज जाईना. मग मी ओटीवर येऊन बसलो आणि थोरल्या लेकीला हाक मारली, "शके, जरा खोबरेल लाव गं पाठीला."

शकू पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. ती पोट सांभाळत माझ्यामागे पाटावर बसली. दोन बोटं तेल लावलं आणि थांबली.

"बाबा, ह्ये कुसाचं नाय वाटत. फोड हायेत. आत पाणी हाय."

"तुला काय कळतंय? झोडणी करून माझं आयुष्य गेलं."

"तुमचं आयुष्य कारखान्यात गेलं, बाबा."

"लाव गपचूप."

तिने लावलं. मानेपासून कमरेपर्यंत, सावकाश, प्रत्येक फोडावरून. मी डोळे मिटून सुखाने हुंकार देत होतो. हे लिहिताना सुद्धा माझी पाठ लाजते.

बाय आली

सकाळी तोंड धुवायला गेलो तर चेहराभर फोड उठलेले. परसात आक्का शेण गोळा करत होती. आक्का माझी थोरली बहीण. नवरा वारल्यापासून आमच्याकडेच असते. लहानपणी तिला देवी आलेल्या. तोंडभर वण आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं, पाटी खाली ठेवली, दोन पावलं मागे सरली आणि हात जोडले. मला नव्हे, माझ्या अंगात जी आली होती तिला.

"बाय आली रं गणू."

आक्का बोलली की घरात हुकूम सुटतात. कडुलिंबाचा डहाळा दाराला लागला. फोडणी बंद, तवा बंद, मासळी बंद. आणि सगळ्यात मोठा नेम असा, की आजाऱ्याला कुणी वाकडं बोलायचं नाही. बाय अंगात असते. तिला राग आला तर ती मुक्काम वाढवते.

हा नेम आमच्या हिला किती जड गेला असेल ते लग्न झालेल्या माणसांनी समजून घ्यावं. ती चुलीपुढून उठून आली. माझ्या तोंडाकडे तिने एकदाच पाहिलं. मग ती शकूच्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांना अजून खोबरेलाचा वास होता.

"आक्का, शकूला लानपणी आल्या व्हत्या का वो ह्या?"

"आल्या व्हत्या की."

"नाय. मालूला आल्या व्हत्या."

"अगं अनसूये, शकूला. माज्या हातानं बांधलाय लिंब."

"लिंब बांधलात. पण खाली मालू निजली व्हती."

मालू आमची धाकटी, लग्न होऊन लांब गेलेली. तिला तरी काय आठवणार. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. घरचा कर्ता पुरुष. मला डहाळा नीट आठवत होता, त्याची सावली सुद्धा आठवत होती. त्या सावलीत कुठली लेक निजली होती ते काही केल्या आठवेना.

शिळफाट्याचा बाक

तो काळ असा होता, की देवीचा नुसता संशय आला तरी लस टोचणारे जीप घेऊन गावात येत आणि घरापुढे माणूस बसवत. म्हणून शिळफाट्याच्या डॉक्टरांनी मला आत घेतलंच नाही. बाहेर बाकावर बसवलं. येणारे-जाणारे रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. एक ओळखीचा टेंपोवाला तर हात वर करून "रामराम गणपतराव" म्हणाला आणि गाडी जोरात हाणून गेला.

डॉक्टरांनी माझे तळहात पाहिले, तळपाय पाहिले, सदरा वर करून पोट पाहिलं. कुठे नुसता लाल ठिपका, कुठे पाण्याचा फोड, कुठे खपली धरू लागलेली. तळव्यांवर काही नाही.

"देवी नाहीत," ते म्हणाले. "कांजिण्या."

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ही बसली होती, ती हसली नाही.

"डॉक्टर, घरी लेक हाय. नववा लागून बरेच दिस झालेत. तिनं कालच ह्यांच्या पाठीला तेल लावलंय."

डॉक्टर हिच्याकडे वळले. "तिला कधी आल्या होत्या?"

"ठावं नाय."

"तुम्हाला?"

"मला कदीच नाय आल्या."

"यांची सेवा कोण करतंय?"

"मीच. पाठ पण मीच घासली."

ते हळूच म्हणाले, "मग बाई, तुम्ही सुद्धा लेकीजवळ जायचं नाही. तुमच्या अंगात शिरल्या असतील तर दोन-तीन आठवडे तुम्हाला पत्ता लागणार नाही, आणि तेवढ्यात तुम्ही तिला द्याल. तिच्या हातालाच लागल्या असतील तर आता इलाज नाही. पण तुमच्याकडून आणखी नको."

पहिलं बाळंतपण माहेरी आणि आईच्या हातून. आमच्याकडे याला दुसरा पर्याय नसतो. शकूला दिवस गेल्याचं कळल्यापासून ही त्यासाठी जुनी लुगडी धुवून ठेवत होती, डिंक जमवत होती, बाळंतशेपा आणून डब्यात भरत होती. ती बाकावरून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला." रस्ताभर एक शब्द नाही. मला तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण बाय ऐकत होती.

खोप

आमचं खळं घरापासून दोन शेतं सोडून. तिथे राखणीला पेंढ्याची खोप होती. त्या दुपारीच आम्ही दोघं तिथे राहायला गेलो. घर आक्काच्या हवाली. आक्काला देवी आणि कांजिण्या दोन्ही येऊन गेलेल्या. "मी काय बी सोडलं नाय," ती म्हणायची.

ज्यांना मोठेपणी कांजिण्या आल्या नाहीत त्यांनी पोराबाळांकडे बघून या आजाराला हसू नये. पोरं फोड घेऊन खेळतात. मोठा माणूस आडवा होतो. ताप असा चढला, की पेंढा गरम वाटायला लागला. हाडन् हाड कुणीतरी वेगळं काढून धुवत आहे असं वाटत होतं. फोड घशात, फोड पापणीच्या आत, फोड अशा ठिकाणी की ते मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही. घोंगडी अंगाला लागली की मी ओरडायचो.

एका दुपारी आक्का बांधावर आली, एक गाठोडं ठेवून मागे झाली आणि तिथूनच ओरडली, "शकूनं दिलंय. बाबांच्या पाठीखाली घाला म्हनती."

आत मऊ लुगड्याच्या दुहेरी घड्या होत्या. बाळोत्यांसाठी ठेवलेल्या. नातवंडाच्या आधी आजोबा त्यावर निजला. इतकं मऊ माझ्या पाठीने त्याआधी काही अनुभवलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग खोकला सुरू झाला. आधी सुका. मग खोकताना छातीत काहीतरी टोचायला लागलं आणि श्वास अर्ध्यात अडकायला लागला. चार शब्द बोललो की दम लागायचा. ही माझ्या ओठांकडे बघत होती. एकाएकी उठली आणि बांधावर उभी राहून शेजारच्या धर्माला हाक मारली, "धर्मा, गाडी जुंप! ह्यांचं व्हट निळं झाल्यात!"

ज्यांच्या घरी कुणी मोठं माणूस कांजिण्यांनी पडलंय त्यांना माझं एवढंच सांगणं. फोड किती ते मोजत बसू नका. श्वास कसा चाललाय ते बघा. आमच्या हिने बघितलं, म्हणून मी हे लिहितोय.

शेवटची खोली

बैलगाडीने रस्त्यापर्यंत, तिथून टेंपोने खोपोलीवरून कर्जतला. दवाखान्यात अगदी टोकाला एक खोली होती. मोडक्या खाटा आणि बादल्या हलवून ती मला दिली. नाकाला नळी लावली. कोपऱ्यात प्राणवायूची टाकी उभी. तिच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे यायचे. ते यायचे थांबले तर काय, या विचाराने मी पहिला अख्खा दिवस बुडबुडे बघत काढला.

सकाळी फिनेलचा वास आला की दिवस उजाडला. मग सिस्टर थर्मामीटर घेऊन. मग सुई. मग एक वाटी गुलाबी लोशन, आणि ते लावायचं काम हिचं. ही हळद लावतात तसं मला गुलाबी करायची, कानामागून सुरुवात करून. सिस्टर दारातून म्हणाली, "नवरदेव तयार झाले का?" हिने कानामागे जरा जोरात चोळलं. तेवढंच तिला बायच्या नजरेआड करता आलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, साताऱ्याकडच्या. रोज दुपारी खुर्ची ओढून खाटेजवळ बसायच्या. मला भीती वाटत होती आणि भ्यालेला माणूस फार प्रश्न विचारतो.

"बाई, कांजिण्यांवर औषध काय देताय?"

"कांजिण्यांना मारणारं औषध नाही माझ्याकडे. सुई देतेय ती छातीत दुसरं काही शिरू नये म्हणून. कांजिण्यांशी तुमचं अंगच लढणार."

मी माझ्या अंगाकडे पाहिलं. गुलाबी, खपल्या धरलेलं, पोट सुटलेलं. "हे?"

"हेच."

"मग ताप तरी उतरवा."

"थोडा उतरवू. पण ताप कांजिण्यांनी नाही आणलेला, काका. तो तुमच्या अंगानेच पेटवलाय. विषाणूला तेवढी धग सोसत नाही."

मला हे नवीन होतं. मी तापाला इतके दिवस शिव्या देत होतो. विचारलं, अंगाला कळतं कसं की कुणी आलंय? फोड येण्याआधीच माझं अंग कसकसत होतं. म्हणजे मला कळायच्या आधी त्याला कळलं.

बाई म्हणाल्या, "विषाणूला स्वतःचं घर नसतं. तो आपल्या अंगातल्या एखाद्या पेशीत शिरतो आणि तिथेच आपली पिलावळ वाढवतो. पण त्या पेशीला जाणवतं, की आत आलंय ते आपलं नव्हे. नेमकं कशावरून जाणवतं ते अजून शास्त्रज्ञांनाही नीट कळलेलं नाही. चेहरा तिच्या ओळखीचा नसतो. नुसता संशय. तेवढ्यावर ती आसपासच्या पेशींना निरोप धाडते. स्वतः ती बहुतेक वाचत नाही. पण निरोप मिळाला की शेजारणी दारं लावून घेतात. आणि रक्तातले रखवालदार धावत येतात, दिसेल ते गिळत सुटतात. अंग दुखतं, गळून जातं, ते या सगळ्या धावपळीनं."

मी जरा वेळ बुडबुडे बघितले. मग म्हणालो, "बाई, हे आमच्या बांधासारखं झालं."

"कसं?"

"लावणी झाल्यावर खेकडा बांधाला भोक पाडतो. पाणी भसाभसा सुटतं. ज्याला आधी दिसेल तो बोंबलतो. शेत कुणाचं, खेकडा कुठला, कोण विचारत नाही. त्याची हाळी ऐकली की बाकीचे आपापल्या बांधावर धावतात. आणि जवळचे येऊन जे हाताला लागेल ते भोकात कोंबतात. चिखल, गवत, आमच्या धर्माने तर एकदा अंगातली बंडी कोंबली. नीट बांध मागाहून घालतात, ज्याला येतो तो माणूस बोलावून."

"आणि त्या धावपळीत रोपं?"

"तुडवली जातात की. कडेची सगळी."

बाईंनी कानातल्या नळीचं टोक माझ्या छातीवर ठेवलं. "ही तुमची तुडवलेली रोपं. विषाणू छातीत उतरला आणि त्याच्यामागे मदतीची गर्दी. तिथली सूज, तिथलं पाणी, अर्धं त्या गर्दीचंच. ती ओसरेपर्यंत ही टाकी तुम्हाला दम पुरवणार."

"आन नीट बांध घालणारा?"

"तो आठवड्याने येतो. पण आला की त्या खेकड्याचा चेहरा जन्मभर विसरत नाही. म्हणून तर कांजिण्या बहुधा एकदाच येतात."

आतापर्यंत ही दाराशी पाठ लावून बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, पोटातल्या पोराचं कसं असतं?"

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "लेकीला लहानपणी आल्या असतील, तर तिच्याकडे बांध घालणारे तयार आहेत. त्यांतले थोडे ती बाळाला पोटातच देते. शिदोरी म्हणा. पण आल्या नसतील, आणि आता नेमक्या बाळंतपणाच्या सुमारास आल्या, तर तिच्याकडेच काही तयार नसेल."

"म्हंजे पोर रिकाम्या हातानं येईल."

"अगदी रिकामं नाही. पहिले बोंबलणारे त्याच्याकडे असतात. पण तेही त्याच्यासारखेच नवखे."

ही उठली, माझं लोशन सांडलं होतं ते पुसून काढलं आणि बाहेर जाऊन बराच वेळ पायरीवर बसली. मला उठता येत नव्हतं. उठता आलं असतं तरी काय बोलणार होतो? तेल लावून घ्यायची हौस माझी.

ताट

बुडबुड्यांशिवाय श्वास चालू लागला तेव्हा मला घरी सोडलं. घरी म्हणजे खोपीत. शेवटची खपली पडेपर्यंत आक्का उंबरा ओलांडू देणार नव्हती, आणि हिला कांजिण्या उठतात की नाही ते दिवस तर अजून मोजायचेच होते. खोकला मात्र माझ्यासोबत आला होता. दिवसभर चालू. कोंबड्यांना सुद्धा त्याची सवय झाली.

दुसऱ्याच दिवशी सकाळपासून घराकडे लगबग दिसायला लागली. सुईण आली. मागच्या दारी चूल पेटली. इकडे खळ्यावर ही सूप घेऊन भात पाखडायला बसली. जे भात धर्माने आधीच पाखडून ठेवलं होतं ते. घराकडे पाठ करून. मी पेंढ्यावर पडून खोकत होतो.

"अगं, जरा बांधापर्यंत तरी जा."

"गप निजा."

सूप वर, सूप खाली. मधूनच शकूची हाक ऐकू यायची, "आये!" अशी. त्या प्रत्येक हाकेला सूप जरासं थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. अंगात आहे की नाही हे ठाऊकही नसलेला आजार माणसाचे पाय कसे बांधून ठेवतो हे मी तेव्हा पाहिलं.

ऊन डोक्यावर आलं आणि घरातून काशाचं ताट वाजलं. मूल जन्माला आलं की आमच्याकडे वाजवतात. टण्. टण्. टण्. ताटामागे रडणं ऐकू येतंय का म्हणून मी श्वास धरून कान दिला.

हिच्या हातातलं सूप पडलं. भात सगळीकडे. ती उठून पळाली, पण बांधाकडे नाही, माझ्याकडे. येऊन गुडघ्यांवर बसली आणि पंजा माझ्या छातीवर दाबला. तोंड पांढरं पडलेलं.

मी आनंदाने म्हणालो, "आजी झालीस की गं!" आणि त्या शब्दांबरोबर अडवून धरलेला खोकला सगळा बाहेर आला.

तिने माझ्या खांद्यावर एक फटका मारला. बाय अंगात असताना. मग परत गेली आणि सांडलेलं भात वेचायला लागली. पलीकडून आक्का ओरडत होती, "पोरगी हाय! पोरगी! दोगी बऱ्या हायेत!" मी मनात म्हटलं, आनंद झाला की बायकांचं असंच होतं.

निर्मळ हाय

पण खरी धास्ती आता होती. तेल लावल्याला दोन आठवडे होत आले होते. शकूला उठायच्या असल्या तर आता उठणार, आणि बाळ तिच्या कुशीत.

रोज सकाळी आक्का शकूचं पोट-पाठ उजेडात बघायची, मग मागच्या कुंपणाशी येऊन ओरडायची, "निर्मळ हाय गं!" ही बांधावर उभी असायची. हाक आली की मान हलवून परत फिरायची आणि चूल पेटवायची. हाक येईपर्यंत चूल पेटत नसे, आणि चहा नसे. मी तक्रार केली नाही. एका सकाळी आक्काची हाक उशिरा आली. गाय सुटली होती म्हणे. तेवढ्या वेळात हिने बांधावरचं गवत मुळासकट उपटून काढलं होतं.

आणि मग उठल्या. शकूला नाही. हिला.

संध्याकाळी कपाळ धरून बसली. अंग कढत. गळ्याखाली एक लाल ठिपका, सकाळपर्यंत दहा. मी घाबरलो, तर तीच म्हणाली, "बगा. गेले असते बाळंतिणीला धरायला, तर?"

मग आमचा संसार उलटा झाला. मी पेज शिजवली. ती लागली. पुन्हा शिजवली, ती पातळ झाली इतकी की आमच्या हिने वाटीत बघून विचारलं, "ह्यात तांदूळ कुटं बसलाय?" मी लोशन लावलं, कानामागून सुरुवात करून. ती तापाने कण्हत म्हणाली, "किती जळतंय वो." मी जाणत्यासारखा म्हणालो, "जळू दे. बांधावर गर्दी झालीय. आपलीच माणसं हायेत."

"तुमच्या माणसांना सांगा, हळू नाचा."

तिला फार नाही आल्या. छातीत काही उतरलं नाही. तरी मी रात्रंदिवस तिच्या ओठांकडे बघत होतो, तिने माझ्या बघितले तसे. चांगला निदान करणारा झालो होतो मी आता, उशिराने.

तिच्या खपल्या पडायला लागल्या तरी आक्काची सकाळची हाक तीच. निर्मळ हाय. आता दिवस उलटून गेले होते. कर्जतला छाती दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या. "इतकं तेल लावूनही नाही आल्या, म्हणजे लहानपणी तिलाच आल्या होत्या. बाळाला शिदोरी मिळाली होती, काका. आधीपासून." परत येऊन सांगितलं तेव्हा आक्का कुंपणापलीकडून म्हणाली, "मी म्हनत व्हते ना, लिंब माज्या हातानं बांधलाय!"

निरोप

बायला निरोप द्यायचा दिवस आला. लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आम्ही दोघांनी खळ्यावरच आंघोळ केली. आक्काने दहीभात केळीच्या पानावर घालून गावाच्या शिवेवर ठेवला आणि बायला सांगितलं, "सुखानं जा, आमच्या पोरींना सांभाळ." खोपीतलं पांघरूण उकळत्या पाण्यात गेलं. मग आम्ही दोन शेतं ओलांडून घरी निघालो. ही पुढे, मी मागे.

दारात ती थांबली. शकू आत बाजेवर बसली होती, मांडीवर बाळ. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"ये ना आये," शकू म्हणाली आणि रडायला लागली.

हिने नात घेतली. उजेडात नेऊन तिचं पोट बघितलं, पाठ बघितली, कानामागे बघितलं, बोटांच्या बेचक्या बघितल्या. मग तिला छातीशी धरून ओटीवर बसली, कितीतरी वेळ. आक्काने आत फोडणी दिली. किती दिवसांनी घरात तो चरचर आवाज झाला, आणि मी लाज न बाळगता नाक वर करून उभा राहिलो.

मग तिच्याजवळ जाऊन बसलो. इतके दिवस मनात होतं ते विचारलं.

"त्या दिशी ताट वाजलं, तवा घराकडं धावायचं सोडून माज्याकडं कशाला आलीस?"

"तुमाला नाय कळायचं."

"सांग की."

ती बाळाकडेच बघत होती. टोपडं सारखं केलं, बंद सैल केला.

"कर्जतपासनं तुमचं खोकणं ऐकत व्हते. पाखडताना कान तिकडंच. आन ताट वाजलं न् वाजलं, तुमचं खोकणं बंद." तिने बाळाच्या पाठीवर हात ठेवला. "मला वाटलं, एक आलं आन एक गेलं."



तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "आता खोका खुशाल."